पाहुण्यांचा नियम

त्यांच्या गाडीत एक शब्द बंद होता. तो कुणी उच्चारला की चार वर्षांच्या ढब्बूला हमखास तेच व्हायचं, मग पोटात काही असो वा नसो. गेल्या उन्हाळ्यात तीनदा सीटा धुवाव्या लागल्या, तेव्हा त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीनं नियम केला. घरात सगळे तिला मास्तरीण म्हणत ते उगीच नाही. त्या शब्दाच्या जागी ‘पाहुणे’ म्हणायचं. ‘पाहुणे येतायत’ असं कुणी म्हटलं की पहिल्या रुंद जागी गाडी थांबवायची. का, कशाला, खरंच का, असं काही विचारायचं नाही. सगळ्यांनी उतरायचं आणि पाठ करून उभं राहायचं. पाहुणे निघून गेले की ज्याचे होते त्यानं दोन घोट पाणी पिऊन ‘गेले’ म्हणायचं. तोवर गाडी सुरू होणार नाही. आणि उगीचच पाहुणे बोलावले, तर दोन दिवस खिडकीची जागा जप्त.

मुलांच्या आईला या नियमात खोट काढायला कुठे जागा मिळाली नव्हती, आणि खोट काढणं हा तिचा धंदाच होता. ती हवामान खात्याच्या यंत्रशाळेत कामाला होती. ठिकठिकाणच्या केंद्रांवरचे तापमापक, वायुभारमापक तिच्या टेबलावर येत. कोणतं किती चुकतंय ते ती शोधून काढायची, चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी डकवून यंत्र परत पाठवायची. असं चौदा वर्षं. ती यंत्रं ज्या डोंगरांवरून यायची त्यातला एकही डोंगर तिनं पाहिला नव्हता.

एकोणीस दिवसांपूर्वी मोठ्या साहेबांनी तिला आत बोलावलं. खिंडीवरच्या केंद्राचे प्रमुख निवृत्त होत होते. “वर्षभर तुम्ही सांभाळाल का? तुमचं नाव मीच पुढे केलंय. विचार करा. पण एकोणीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत मला हो की नाही ते कळलं पाहिजे. पाचनंतर मी दुसऱ्याला विचारीन.”

आज एकोणीस तारीख होती.

घरी तिनं यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. सुट्टीत डोंगरात जाऊ, असं नवरा म्हणाला तेव्हा रस्ता मात्र तिनं निवडला होता. “हा लांबचा पडेल गं,” तो म्हणाला होता. “पण हवा छान आहे तिकडची,” ती म्हणाली होती. हवेबद्दल ती काही बोलली की घरात कुणी वाद घालत नसे.

सकाळपासून तिनं फोन किती वेळा बाहेर काढला याची गणती नव्हती, आणि “बरी आहेस ना?” असं नवऱ्यानं किती वेळा विचारलं याचीही. डोंगर सुरू झाल्यापासून रेंज यायची, पाच मिनिटं थांबायची आणि जायची. गाडीत कुणाचंच बूड जागेवर नव्हतं. ढब्बू मागच्या सीटवर उलटा होऊन मागची काच चाटत होता. मास्तरणीच्या मांडीवर तळहाताएवढा वायुभारमापक होता. यंत्रशाळेनं मोडीत काढलेला हा मापक आईनं मागून घेतला होता, आणि दर दहा मिनिटांनी त्याचा काटा वाचून मास्तरीण वहीत लिहीत होती.

“आठशे एकाहत्तर. वजा दीड. आठशे साडेएकोणसत्तर.”

“वजा दीड कशाला?” अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे आईचे सासरे. दोन नातवंडांच्या मध्ये ते बसले होते.

“हे दीड जास्त दाखवतं, आजोबा. त्याची खोड आहे ती.”

“मग दुरुस्त करा की.”

“खोड माहीत असली की चालतं. हो ना आई?”

“हं,” ती म्हणाली. रेंज गेली होती.

अण्णांनी एकतीस वर्षं डोंगरातल्या रस्त्यांवर बस चालवली होती. आता मुलगा गाडी चालवत असला की ते मागे बसल्या बसल्या ब्रेक दाबत. त्यांचा पाय पुढच्या सीटला लागे आणि ती सीट तिची होती. सकाळपासून प्रत्येक वळणावर तिच्या कमरेत एक दणका बसत होता.

“हॉर्न,” अण्णा म्हणाले.

“समोर कुणी नाहीये, अण्णा.”

“समोर कुणी दिसत नाहीये. डोळे तपासणाऱ्या माणसाला हा फरक मी सांगायचा का?”

तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत बसायचा. हे बरं की ते? आता बरं की मघाशी? घरीही भाजीत मीठ किती, पडदे कोणते, सगळं तो त्याच चालीवर विचारायचा. त्यानं हॉर्न वाजवला. वळणापलीकडे खरोखरच एक ट्रक होता. अण्णांनी पुढची चार वळणं मान डोलावत काढली.

“सहाच्या आत पोचलं पाहिजे,” नवरा म्हणाला. “त्या खोलीवाल्या बाईंनी बजावलंय. सहाला त्या कुलूप लावून लेकीकडे जाणार.”

“पोचू,” ती म्हणाली. डोक्यातलं गणित ती पुन्हा मांडून पाहत होती. खिंड तीनच्या सुमारास लागेल. तिथे थांबू, मुलांना केंद्र दाखवायचं निमित्त करू. ते बघता बघता विषय काढता येईल. साडेतीनला बोलणं, साडेचारला फोन. सकाळी आठला हे गणित अगदी सोपं वाटलं होतं.

दुपारी ते एका चहाच्या दुकानाशी थांबले. पत्र्याचं छप्पर, दोन बाकं, काउंटरवर बिस्किटांची पाकिटं. एकूण एक पाकीट फुग्यासारखं टरारलेलं होतं. ढब्बू काउंटरपासून चार पावलं मागे सरकला.

“ही फुटणार आहेत,” तो म्हणाला.

“नाही फुटत,” मास्तरीण म्हणाली. “आतली हवा खालची आहे. बाहेरची वरची. आतली जास्त दाबते.”

“मग फुटणारच!”

एवढ्यात दुकानवाली हात पुसत बाहेर आली, त्यांच्याकडे बघून तोंडभर हसली आणि आत वळून ओरडली, “अहो, पाहुणे आलेत! दोन खुर्च्या आणा बाहेर!”

ढब्बूनं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि तो रस्त्याकडेला पळाला. पुढचं जे व्हायचं ते झालंच. मास्तरणीनं तातडीनं पाठ केली, अण्णांनी पाठ केली, आणि हातात खुर्ची घेऊन आलेला दुकानवाला बघतो तर नुकतं आलेलं सगळं कुटुंब त्याच्याकडे पाठ फिरवून डोंगराकडे बघत उभं.

“काही चुकलं का आमचं?” दुकानवालीनं कावऱ्याबावऱ्या चेहऱ्यानं विचारलं.

नवरा हसत हसत तिला नियम समजावून सांगायला लागला. आईही हसली, पण डोळे घड्याळावर होते. ढब्बूचे कपडे बदलायचे होते, तोंड धुवायचं होतं, चहा झाल्याशिवाय अण्णा हलणार नव्हते. पावणेतीन झाले. तीन झाले. तिनं ढब्बूच्या शर्टाची बटणं लावली ती एक घर सोडून लावली.

“आई, एक बटण उरलं,” ढब्बू म्हणाला.

“राहू दे.”

मास्तरणीनं आईकडे नीट रोखून पाहिलं. आईच्या हातून बटणं चुकलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

दुकानातून निघाले तेव्हा साडेतीन झाले होते. पुढे रस्ता खोदून ठेवला होता. लाल झेंडीवाला माणूस एका बाजूच्या गाड्या सोडायचा, दुसरी बाजू अडवायचा. पंचवीस मिनिटं तिथेच गेली. त्या पंचवीस मिनिटांत विषय काढता आला असता. गाडी थांबलेलीच होती, मुलं सफरचंद खात होती, नवरा स्टीअरिंगवर बोटं वाजवत होता. तिनं दोनदा “ऐक ना” म्हटलं. एकदा झेंडीवाल्यानं शिट्टी मारली. दुसऱ्यांदा नवरा “काय?” म्हणाला, आणि ती म्हणाली, “खिडकी जरा खाली कर.”

खिंड आली तेव्हा चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

“सातशे चोवीस, वजा दीड,” मास्तरीण म्हणाली. “आजपर्यंतचं सगळ्यात कमी.”

आणि आईला ते केंद्र दिसलं. रस्त्याच्या उजव्या हाताला, थोड्या उंचवट्यावर, तारेच्या कुंपणात. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, त्याच्याखाली गरगरणाऱ्या तीन वाट्या, आणि चार पायांवर उभी झडपांची पांढरी पेटी. त्या पेटीत जे तापमापक होते ते तिच्या हातांखालून गेलेले होते. एकाच्या मागच्या बाजूला तिच्या अक्षरातली चिठ्ठी असणार. पेटीचा रंग दक्षिणेकडून पोपडे निघून उडालेला तिला इतक्या लांबूनही दिसला. म्हणजे पेटी उन्हात तापत असणार. म्हणजे दुपारचं तापमान निदान अर्ध्या अंशानं जास्त लागत असणार, आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. खालचं गवतही कापलेलं नव्हतं. तिचे हात शिवशिवले.

“ते बघा, आईचं ऑफिस!” नवरा म्हणाला. “येताना बघू हं. आता उशीर झालाय.”

आणि गाडी पुढे गेली.

‘थांब’ म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. वळण आलं, कमरेत दणका बसला, केंद्र डोंगराआड गेलं. उतार सुरू झाला. दुसरं वळण, तिसरं. फोनमध्ये रेंज आली. चार बेचाळीस. नवरा संध्याकाळच्या जेवणाबद्दल बोलत होता. खोलीवाल्या बाई अंडी उकडून देतील का, की पाव घेऊनच जावं. “हे बरं की ते?” त्यानं विचारलं. चौथं वळण. आता ही रेंज जाईल, पाच वाजतील, आणि आपोआप ‘नाही’ होईल. ते ‘नाही’ कुणी म्हटलेलंसुद्धा नसेल.

“पाहुणे येतायत,” ती म्हणाली.

नवऱ्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, गाडीत तिला कधी काही झालेलं नव्हतं. पण नियम तो नियम. पाचव्या वळणाला रस्ता रुंद होता. त्यानं गाडी कडेला घेतली.

सगळे उतरले. ती दगडी कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. मागे चौघं पाठ करून रांगेत उभी. वारा जोराचा होता. काहीच होत नव्हतं. मिनिटभरानं अण्णा खाकरले.

“सूनबाईंना कधी गाडी लागत नाही,” ते हळूच म्हणाले. मग त्यांच्या आवाजात एकदम लाडीगोडी आली. “काय रे, हे वेगळेच पाहुणे तर नव्हेत? घरात येणारे?”

“अण्णा!” नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. मनातल्या मनात तो महिने मोजत होता, ते त्याच्या ओठांवरून कळत होतं.

“घरात कोण येणार?” ढब्बू म्हणाला. “माझ्या खोलीत नाही हं.”

ती वळली. “नाही हो अण्णा. कुणी येणार नाहीये.” तिला हसू आणि रडू बरोबरच येत होतं. “मला जायचंय.”

“कुठे?” नवऱ्यानं विचारलं. हा नियमाचा भंग होता, पण मास्तरणीनंसुद्धा तो चालवून घेतला.

तिनं सांगितलं. पाच वाक्यांत सगळं झालं. मोठे साहेब, वरचं केंद्र, एक वर्ष, हिवाळ्यात रस्ता बंद, उत्तर आज पाचपर्यंत. एकोणीस दिवस ज्याला ती घाबरत होती ते सांगायला पाऊण मिनिटही लागलं नाही.

“तुला कधी कळलं हे?”

“एकतीस तारखेला.”

“एकोणीस दिवस!” तो म्हणाला. “एकोणीस दिवस तू माझ्याशी पडद्यांवर बोलतेयस. म्हणजे ही सहल नाहीच. ही पाहणी आहे. आणि आम्ही आपले सामानासारखे मागे.”

“तसं नाही.”

“मग कसं? सांग ना. सकाळपासून मी वेड्यासारखा विचारतोय, बरी आहेस ना, बरी आहेस ना.”

“तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“म्हणालो असतो कदाचित. पण ते ‘नाही’ माझं असतं ना? तेही तूच माझ्या वतीनं म्हणून टाकलंस.”

तिनं घड्याळ पाहिलं. चार सत्तेचाळीस. घड्याळ पाहताना त्यानं तिला पाहिलं, आणि तिला वाटलं, हे करायला नको होतं.

अण्णा मध्ये पडले. “अरे, त्यात एवढं काय? मी एकतीस वर्षं तीन रात्रींतल्या दोन बाहेर काढल्या. तेव्हा कुणी रस्त्यात गाडी थांबवून सभा भरवली नव्हती.”

“माहीत आहे, अण्णा,” नवरा म्हणाला. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. “मी घरी होतो. बसचे हॉर्न मला सगळे ओळखता यायचे. तुमचा नसला की मी झोपायचो.”

अण्णा कठड्याच्या दगडावरचं शेवाळ नखानं खरवडू लागले.

“बर्फात किती दिवस?” मास्तरणीनं विचारलं. हातात वही होती.

“नव्वदच्या आसपास.”

“आसपास म्हणजे?”

“कमीत कमी ऐंशी. जास्तीत जास्त शंभर.”

“आणि बाकीचे?”

“दर महिन्याला सहा दिवस घरी. रोज संध्याकाळी फोन. केंद्रावर ऑफिसच्या फोनची तार आहे, ती बर्फातही चालते.”

मास्तरणीनं ते लिहिलं. ओठ घट्ट मिटून, प्रत्येक आकडा कोरून. आई तिच्या पेन्सिलीकडे पाहत होती. एकचा आकडा जरा वाकडा आला, तो तिनं खोडला आणि पुन्हा काढला.

“फोनवर पाहुण्यांचा नियम चालेल का?” मान वर न करता तिनं विचारलं.

“म्हणजे कसा?”

“म्हणजे मी पाहुणे येतायत म्हटलं की तू जे काही करत असशील ते थांबवायचं. का, कशाला, खरंच का, काही विचारायचं नाही. मी गेले म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.”

“चालेल.”

“उगीचच म्हटलं तर?”

“तरी चालेल,” ती म्हणाली. मग वहीवर बोट ठेवून तिनं तेच पुन्हा सांगितलं. “तरी चालेल.”

नवरा कठड्याला टेकून दरीकडे बघत होता. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. दुकानात असं करणाऱ्या गिऱ्हाइकांना तो ओरडायचा, चरे पडतात म्हणून.

“एक सांग,” तो म्हणाला. “तू मला विचारतेयस, की सांगतेयस?”

पटकन ‘विचारतेय’ म्हणणं सोपं होतं. ते ऐकायला बरं लागलं असतं, आणि ते खोटं झालं असतं. तिला पोपडे निघालेली पेटी दिसत होती. चुकीचं तापमान, रोज दुपारी, कुणाच्याही नकळत.

“सांगतेय,” ती म्हणाली. “उशिरा सांगतेय. ते चुकलंच माझं. पण सांगतेय.”

त्यानं मान हलवली. ते हो होतं का, हे तिला कळलं नाही. कदाचित त्यालाही नसेल कळलं.

“मग फोन कर,” तो म्हणाला. “चार बावन्न झालेत. आणि खुश बिश होऊन मी बोलत नाहीये, एवढं ध्यानात ठेव. मला राग आलाय आणि तो राहणार आहे. निदान दोन आठवडे.”

“एकोणीस दिवस ठेव,” ती म्हणाली.

तो हसला नाही, पण त्याच्या नाकातून कसलासा आवाज आला.

तिनं नंबर लावला. वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून गाडीच्या आडोशाला बसली. मोठ्या साहेबांनी स्वतःच फोन उचलला. “हो,” ती म्हणाली. “हो, येते मी. घरी सांगितलंय. आणि साहेब, वरच्या पेटीचा रंग गेलाय दक्षिणेकडून. पांढऱ्या रंगाचे दोन डबे मंजूर करा.” पलीकडे साहेब हसले. संपलंसुद्धा. चार पंचावन्न.

ती उठली. आनंद व्हायला हवा होता, आणि तो होताही, पण लगेच गाडीत बसून निघावंसं तिला वाटेना.

अण्णांनी मुलापुढे हात पसरला. “चावी दे.”

“अण्णा, सहा वर्षांत तुम्ही गाडीला हात...”

“तुला राग आलाय, तूच म्हणालास. आणि तोंड वर करायचंय ना गाडीचं? ते केंद्र बघितल्याशिवाय ही आता बसणार आहे का? उलट फिरवायला गाडीपेक्षा साडेतीन फूटच जास्त जागा आहे. तुझं काम नाही ते.”

“आणि खोलीवाल्या बाई?”

“त्यांना फोन कर. म्हणावं, पाहुण्यांना उशीर होतोय.”

ढब्बू लगेच तोंडावर हात ठेवून उभा राहिला, पण काही आलं नाही. त्यानं हात काढला, सगळ्यांकडे अभिमानानं पाहिलं, आणि गाडीतून पाण्याची बाटली घेऊन आईसमोर येऊन उभा राहिला. शर्टाचं उरलेलं बटण गळ्याशी लोंबत होतं.

“दोन घोट,” तो म्हणाला. “मग म्हण.”

तिनं एक घोट घेतला. दुसरा घेतला. अण्णा चालकाच्या जागी बसले होते आणि आरसा आपल्या उंचीला लावत होते. नवरा दार उघडून थांबला होता. मास्तरणीनं वही मिटली होती.

“गेले म्हण ना,” ढब्बू म्हणाला.

ती म्हणणार होती. एकच शब्द होता.

“अजून नाही गेले,” ती म्हणाली.

अण्णांनी चावीवरचा हात काढला आणि ते खाली उतरले. नवऱ्यानं दार लावलं. कुणी काही विचारलं नाही. चौघंही तिच्याकडे पाठ करून पुन्हा रांगेत उभी राहिली, आणि ढब्बूनं मागे न बघताच बाटलीसाठी हात मागे केला.